एडिसनने गाडीसाठी दहा वर्षं बॅटरी बनवली, तरी गाडी पेट्रोलवरच का पळाली?

३० मार्च २०२२. केंद्रीय मंत्री नितीन गडकरी संसदेत आले ते टोयोटा मिराई नावाच्या गाडीतून. ना पेट्रोल, ना डिझेल, ना चार्जिंगची वायर. गाडी हायड्रोजनवर चालणारी आणि सायलेन्सरमधून धुराऐवजी पाणी टाकणारी. त्या दिवसाचे व्हिडीओ सगळीकडे फिरले आणि तेव्हापासून सोशल मीडियावर एक वाद काही थांबायचं नाव घेत नाही.

उद्याची गाडी कशावर चालणार? बॅटरीवर की हायड्रोजनवर?

कुणी सांगतं, इलेक्ट्रिक गाडी घेऊ नका, दोन वर्षांत हायड्रोजन येतोय. कुणी सांगतं, हायड्रोजन म्हणजे नुसता फुगा. हिंगोली जिल्ह्यातल्या शिरड शहापूरसारख्या गावात कर्ज काढून गाडी घेणाऱ्या माणसासाठी हा गमतीचा विषय नाही. चुकीच्या घोड्यावर पैसे लावले, तर पुढची पाच-सात वर्षं हप्ता भरत पस्तावायची वेळ येते.

पण हा वाद वाटतो तेवढा नवा नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी असाच एक सामना झाला होता. तेव्हा मैदानात बॅटरी, वाफ आणि पेट्रोल असे तिघे होते. आणि बॅटरीच्या बाजूने उतरला होता त्या काळातला जगातला सगळ्यात नावाजलेला संशोधक, थॉमस अल्वा एडिसन.

तो हरला. त्याची बॅटरी चांगली होती, तरीही हरला. का हरला, हे समजून घेतलं की आजच्या वादातलं अर्धं धुकं आपोआप निघून जातं.

बॅटरीच्या ॲसिडनेच नोकरी घालवली

एडिसनचा जन्म ११ फेब्रुवारी १८४७ चा, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या मिलान गावचा. शाळा फार झाली नाही. आईने घरीच शिकवलं. लहानपणापासून ऐकायला कमी यायचं. किशोरवयात तो रेल्वेत पेपर आणि खाऊ विकायचा. डब्यातच त्याने छोटी प्रयोगशाळाही मांडली होती.

पुढे तो तारयंत्र शिकला आणि गावोगाव तार ऑपरेटर म्हणून फिरू लागला. तेव्हा घरोघरी वीज नव्हती. तारयंत्र चालायचं ते काचेच्या बरण्यांमधल्या बॅटऱ्यांवर. म्हणजे एडिसनची विजेशी पहिली गाठ पडली ती बॅटरीमुळेच.

१८६७ मध्ये लुईव्हिल इथे रात्रपाळीत तो बॅटरीवर प्रयोग करत होता. ॲसिड सांडलं, लाकडी जमिनीतून झिरपलं आणि थेट खालच्या मजल्यावरच्या साहेबाच्या टेबलावर ठिबकलं. दुसऱ्या दिवशी नोकरी गेली, असं सांगितलं जातं.

त्यानंतरचा एडिसन सगळ्यांना माहीत आहे. १८७७ मध्ये फोनोग्राफ, १८७९ मध्ये विजेचा टिकाऊ दिवा. पण त्याचं खरं मोठेपण दिव्यात नव्हतं, दिव्यामागच्या जाळ्यात होतं. नुसता दिवा विकून उपयोग नव्हता. त्याला वीज हवी, विजेसाठी केंद्र हवं, केंद्रापासून घरापर्यंत तारा हव्यात आणि बिल काढायला मीटर हवा. एडिसनने हे सगळं उभं केलं. ४ सप्टेंबर १८८२ ला न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवरचं त्याचं वीजकेंद्र सुरू झालं.

म्हणजे वस्तू चालायची असेल तर आधी तिच्यामागची व्यवस्था उभी करावी लागते, हे एडिसनइतकं कुणालाच कळलेलं नव्हतं. गंमत अशी की गाडीच्या बाबतीत घोडं नेमकं तिथेच अडलं.

एका जेवणात हेन्री फोर्ड भेटला

१८९० च्या दशकात एडिसनचे दिवस फिरले होते. त्याची वीज डीसी प्रकारची. ती केंद्रापासून दीड-दोन किलोमीटरच्या पुढे नीट जायची नाही. टेस्ला आणि वेस्टिंगहाऊसची एसी वीज लांबवर जायची, म्हणून ती जिंकली. १८९२ मध्ये एडिसनची कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन होऊन जनरल इलेक्ट्रिक झाली आणि त्यातून त्याचं नावही गेलं. मग त्याने लोहखनिज वेगळं काढायचा कारखाना टाकला. त्यात वर्षानुवर्षांची मेहनत आणि भरपूर पैसा मातीत गेला.

याच काळात, ऑगस्ट १८९६ मध्ये, न्यूयॉर्कजवळ एडिसनच्या वीज कंपन्यांच्या लोकांचं संमेलन भरलं. तिथल्या जेवणात डेट्रॉइटच्या वीज कंपनीतला एक तरुण इंजिनिअर आला होता. त्याने घरच्या शेडमध्ये पेट्रोलवर चालणारी गाडी बनवली होती. त्याचं नाव हेन्री फोर्ड.

फोर्डने पुढे सांगितलेल्या आठवणीप्रमाणे एडिसनने त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि काम सुरू ठेवायला सांगितलं. त्याचं म्हणणं होतं की विजेची गाडी वीजकेंद्रापासून लांब जाऊ शकत नाही आणि बॅटऱ्या फार जड असतात. पेट्रोलची गाडी मात्र आपलं इंधन आपल्यासोबत घेऊन फिरते.

विजेचा बादशहा विजेच्या कंपनीतल्या नोकराला पेट्रोलची गाडी बनव म्हणून सांगतोय. आणि तीन वर्षांनी तोच एडिसन पेट्रोलला हरवायला निघाला.

तेव्हा पेट्रोल तिसऱ्या नंबरवर होतं

आज खोटं वाटेल, पण १९०० साली अमेरिकेत तयार झालेल्या ४,१९२ मोटारींपैकी १,६८१ वाफेवरच्या होत्या, १,५७५ विजेवरच्या आणि पेट्रोलवरच्या फक्त ९३६.

कारण सरळ होतं. पेट्रोलच्या गाडीला समोरून हँडल मारावं लागायचं. ते उलटं फिरलं तर मनगट मोडायचं. शिवाय धूर, वास आणि खडखडाट. वाफेच्या गाडीला निघायच्या आधी पाणी तापवत बसावं लागायचं. विजेची गाडी मात्र बसलं की निघाली, आवाज नाही, वास नाही. शहरातले डॉक्टर आणि श्रीमंत घरच्या बायका तीच पसंत करायच्या.

तिची अडचण एकच होती, बॅटरी. १८५९ मध्ये गास्तों प्लांते या फ्रेंच संशोधकाने शोधलेली शिसे आणि ॲसिडची बॅटरी तेव्हा गाड्यांत असायची. शिसं म्हणजे वजन आणि ॲसिड म्हणजे गंज. बॅटरी वाहण्यातच गाडीची निम्मी ताकद जायची.

१८९९ च्या सुमारास एडिसनने ठरवलं की शिसं नको आणि ॲसिडही नको. त्याने क्षाराच्या पाण्यात, म्हणजे पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात, वेगवेगळे धातू बुडवून बघायला सुरुवात केली. हजारो प्रयोग झाले. शेवटी जोडी जमली ती निकेल आणि लोखंडाची. स्वीडनमध्ये वाल्देमार युंगनर नावाचा संशोधकही त्याच सुमारास याच वाटेवर होता.

१९०१ मध्ये एडिसनने बॅटरीची कंपनी काढली. १९०३ मध्ये माल बाजारात आला, जाहिराती झाल्या, गाड्यांमध्ये बॅटऱ्या बसल्या.

आणि त्या गळायला लागल्या.

डबे पाझरायचे, काही बॅटऱ्यांची ताकद महिन्यांतच उतरायची. १९०४ च्या अखेरीस एडिसनने उत्पादन थांबवलं आणि खराब बॅटऱ्या परत घेतल्या. तोटा स्वतः सोसला. तेव्हा त्याचं वय होतं ५७. पैसा होता, नाव होतं, गप्प बसला असता तरी चाललं असतं. पण तो पुन्हा प्रयोगशाळेत गेला आणि पुढची जवळपास पाच वर्षं तेच काम करत राहिला. त्याने निकेलचे कागदाहून पातळ पापुद्रे वापरले आणि द्रावणात थोडं लिथियम हायड्रॉक्साइड टाकलं. होय, आजच्या मोबाईल आणि गाडीच्या बॅटरीमुळे घरोघरी पोचलेलं लिथियम तेव्हाच एडिसनच्या बरणीत पोचलं होतं. त्याचं काम मात्र वेगळं होतं.

१९०९ मध्ये सुधारलेली बॅटरी आली. ही खरोखर दणकट होती. आपटली तरी चालायची, जास्त चार्ज झाली तरी चालायची, महिनोन् महिने रिकामी पडून राहिली तरी मरायची नाही. डेट्रॉइट इलेक्ट्रिक कंपनी ६०० डॉलर जादा घेऊन ही बॅटरी गाडीत बसवून द्यायची. रोजच्या वापरात साधारण १३० किलोमीटर जाणाऱ्या त्यांच्या गाडीने एका चाचणीत एका चार्जवर ३४० किलोमीटर अंतर कापलं.

फोर्डची बायको क्लारा स्वतः डेट्रॉइट इलेक्ट्रिक चालवायची. पेट्रोलच्या गाडीचा राजा हेन्री फोर्ड, आणि घरच्या मालकिणीची गाडी विजेवर.

मग माशी शिंकली कुठे?

एडिसन बॅटरी सुधारत होता ती दहा वर्षं बाकीचं जग थांबलं नव्हतं.

पहिली गोष्ट म्हणजे तेल. जानेवारी १९०१ मध्ये टेक्सासमधल्या स्पिंडलटॉप इथे तेलाचा प्रचंड झरा फुटला. पेट्रोल स्वस्त झालं. मुख्य म्हणजे त्याला वायर लागत नव्हती. डब्यात भरलं आणि खेड्यातल्या किराणा दुकानात ठेवलं की झाला पेट्रोल पंप.

दुसरी गोष्ट, किंमत. १९०८ मध्ये फोर्डची मॉडेल टी ८५० डॉलरला आली. १९१३ मध्ये फोर्डने कारखान्यात सरकती साखळी बसवली आणि दर वर्षी किंमत पाडत नेली. १९२० च्या दशकात ती ३०० डॉलरच्याही खाली गेली. त्याउलट १९१२ मध्ये विजेवरची छोटी गाडी १,७५० डॉलरला होती, तेव्हा पेट्रोलची ६५० डॉलरला मिळायची.

तिसरी गोष्ट सगळ्यात गमतीची. १९१२ मध्ये चार्ल्स केटरिंगने बनवलेला इलेक्ट्रिक स्टार्टर कॅडिलॅक गाडीत आला. हँडल मारायची कटकट संपली. हा स्टार्टर चालायचा बॅटरीवर. पेट्रोलच्या गाडीचं सगळ्यात मोठं दुखणं बॅटरीनेच बरं केलं आणि बॅटरीच्या गाडीचे बारा वाजवले. त्यातही एडिसनची बॅटरी कामाला आली नाही. स्टार्टरला क्षणभर मोठा करंट लागतो, तो जुनी शिसे-ॲसिडची बॅटरीच देऊ शकायची. आजही आपल्या पेट्रोल-डिझेल गाडीत स्टार्टरसाठी शिसे-ॲसिडचीच बॅटरी असते.

आणि चौथी गोष्ट, जी सगळ्यात महत्त्वाची. अमेरिकेच्या खेड्यात वीजच नव्हती. १९३० च्या दशकाच्या मध्यापर्यंत तिथल्या दर दहा ग्रामीण घरांपैकी जवळपास नऊ घरं अंधारात होती. शेतकऱ्याला गाडी हवी होती, पण चार्ज कुठे करणार? त्याने मॉडेल टी घेतली. पिकाचा माल नेला, बाजार केला आणि तिच्याच चाकाला पट्टा लावून शेतातली यंत्रंही चालवली.

म्हणजे एडिसनची बॅटरी रसायनात पास झाली आणि रस्त्यावर नापास झाली.

१९१४ च्या जानेवारीत फोर्डने जाहीर केलं की एडिसनसोबत मिळून तो स्वस्त विजेची गाडी बनवतोय. दोन-तीन चाचणीच्या गाड्या झाल्या. पेपरात बातम्या आल्या. गाडी मात्र कधीच आली नाही आणि विषय गुपचूप गुंडाळला गेला. त्याच वर्षी ९ डिसेंबरला एडिसनच्या वेस्ट ऑरेंजमधल्या कारखान्याला मोठी आग लागली. वयाच्या ६७ व्या वर्षी त्याने तो कारखानाही पुन्हा उभा केला.

बॅटरीतून निघालेला हायड्रोजन

आता या गोष्टीत हायड्रोजन कुठून आला, असा प्रश्न पडला असेल. तो एडिसनच्या बॅटरीतच होता.

निकेल-लोखंडाची बॅटरी चार्ज होताना त्यातल्या पाण्याचं विघटन होतं आणि हायड्रोजन बाहेर पडतो. उघड्या जागेत त्याचं काही वाटत नाही. पण १९१५ मध्ये अमेरिकन नौदलाने पाणबुडीसाठी ही बॅटरी वापरून बघायचं ठरवलं. ॲसिड नसल्याने समुद्राच्या पाण्याशी मिसळून विषारी क्लोरीन वायू होण्याचा धोका टळणार होता. १५ जानेवारी १९१६ ला ब्रुकलिनच्या गोदीत उभ्या असलेल्या ई-२ पाणबुडीत या बॅटऱ्यांवर काम सुरू असताना साचलेल्या हायड्रोजनचा स्फोट झाला. आत काम करणाऱ्या माणसांचे जीव गेले. एडिसन तेव्हा नौदलाच्या सल्लागार मंडळाचा प्रमुख होता. त्याच्या नावाला हा मोठा धक्का होता.

त्या काळी हायड्रोजन म्हणजे बॅटरीचा नको असलेला कचरा. पण त्यातून वीज काढता येते, हे एडिसनच्या जन्माच्या आधीच माहीत होतं. विल्यम ग्रोव्ह या वेल्श संशोधकाने १८४२ च्या सुमारास हायड्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र आणून त्यातून वीज आणि पाणी मिळवून दाखवलं होतं. आज त्याला फ्युएल सेल म्हणतात. गडकरींच्या मिराईच्या पोटात तेच आहे. म्हणजे हायड्रोजनची गाडीही शेवटी विजेवरच पळते. फरक एवढाच की बॅटरीची गाडी तयार वीज साठवते आणि हायड्रोजनची गाडी चालता चालता वीज तयार करते.

आता तोच हिशोब आज मांडू

एडिसनच्या पराभवातून तीन प्रश्न मिळतात. भरायचं कुठे? वाटेत वाया किती जातं? आणि पडतं कितीला?

आधी वाया जाण्याचं बघू. १०० युनिट वीज बॅटरीच्या गाडीत भरली, तर त्यातली ७० ते ८० युनिट चाकापर्यंत पोचतात. तीच वीज वापरून पाण्यातून हायड्रोजन काढला, तो दाबून टाकीत भरला आणि गाडीत त्याची पुन्हा वीज केली, तर चाकापर्यंत पोचतात साधारण २५ ते ३५ युनिट. एक किलो हायड्रोजन काढायलाच ५० हून जास्त युनिट लागतात आणि तेवढ्यात गाडी १०० किलोमीटरच्या आसपास जाते. बॅटरीवरची गाडी तेच अंतर १५ ते १८ युनिटमध्ये कापते. या हिशोबात एकाच अंतराला तिप्पट वीज लागते, त्यामुळे पडतं कितीला याचं उत्तरही बरंचसं इथेच मिळतं.

हायड्रोजनची बाजूही आहे. टाकी पाच मिनिटांत भरते. वजन कमी असतं. लांब पल्ल्याच्या जड ट्रकला टनावारी बॅटऱ्या वाहण्यापेक्षा हायड्रोजन सोयीचा पडू शकतो. म्हणूनच मार्च २०२५ मध्ये टाटा मोटर्सने हायड्रोजनच्या ट्रकची चाचणी सुरू केली, त्यात मुंबई आणि पुण्याकडचे रस्तेही आहेत. पुण्यात केपीआयटी आणि सीएसआयआर यांनी मिळून बनवलेली हायड्रोजन बस ऑगस्ट २०२२ मध्ये दाखवण्यात आली. जानेवारी २०२३ मध्ये केंद्राने १९,७४४ कोटींचं ग्रीन हायड्रोजन मिशन मंजूर केलं. पण त्याचा मोठा रोख खत, रिफायनरी, पोलाद आणि जहाजांकडे आहे. दारातल्या छोट्या गाडीकडे नाही.

राहिला पहिला प्रश्न, भरायचं कुठे? औंढा नागनाथ तालुक्यातल्या शिरड शहापूरला आज वीज आहे. लोडशेडिंगचा वैताग असेल, शेतीच्या लाईनची तक्रार असेल, पण ज्या तारेवर गावातली पिठाची गिरणी चालते त्याच तारेवर स्कूटर चार्ज होते. रात्री लावली, सकाळी तयार. १९१० च्या अमेरिकन शेतकऱ्याकडे जे नव्हतं ते आज मराठवाड्यातल्या गावाकडे आहे. हायड्रोजनची अवस्था मात्र एडिसनच्या बॅटरीसारखी आहे. वस्तू चांगली, पण गावापर्यंत वाट नाही. हायड्रोजन साठवायला ७०० बार, म्हणजे गाडीच्या टायरमधल्या हवेच्या शेकडो पट दाब लागतो. तो किराणा दुकानात डब्यात ठेवता येत नाही.

म्हणून हायड्रोजन येईल या आशेवर आजची छोटी गाडी थांबवून ठेवण्यात फारसा अर्थ दिसत नाही. पण बॅटरीवाल्यांनीही हुरळून जायचं कारण नाही. किंमत, लांबच्या रस्त्यावरचं चार्जिंग आणि दुरुस्ती करणारा मेकॅनिक हे प्रश्न गावात आजही जागेवर आहेत. एडिसनलाही वाटलं होतं की बॅटरी सुधारली की बाकीचं आपोआप होईल.

हरलेल्या बॅटरीचं पुढे काय झालं?

ती मेली नाही. गाडीने नाकारलं, पण रेल्वेने घेतलं. सिग्नल, डब्यातले दिवे, कारखान्यातल्या माल ओढणाऱ्या गाड्या, खाणकामगारांच्या टोपीवरचे दिवे, सगळीकडे ती दशकानुदशकं चालली आणि एडिसनला चांगला पैसाही देऊन गेली. जिथे दणकटपणा हवा होता आणि चार्जिंगची सोय जवळ होती, तिथे तिला तोड नव्हती. अमेरिकेतला तिचा कारखाना १९७० च्या दशकात बंद झाला.

एडिसन १८ ऑक्टोबर १९३१ ला वेस्ट ऑरेंजमधल्या घरी वारला, वयाच्या ८४ व्या वर्षी. शेवटची काही वर्षं तो फोर्ड आणि फायरस्टोन यांच्या साथीने रानटी झुडपांपासून टायरचं रबर काढायच्या खटपटीत होता. म्हणजे गाडीचा नाद शेवटपर्यंत सुटला नव्हता.

आणि आणखी एक गोष्ट. काही वर्षांपूर्वी नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट विद्यापीठातल्या संशोधकांनी एडिसनची निकेल-लोखंडाची बॅटरी पुन्हा बाहेर काढली. वारा आणि उन्हाची वीज जास्त झाली की ती आधी बॅटरीसारखी चार्ज होते. पूर्ण भरली की तिच्यातून हायड्रोजन निघायला लागतो आणि तो गोळा करता येतो. ज्या वायूने १९१६ मध्ये एडिसनची झोप उडवली, तोच आता या बॅटरीचा दुसरा माल झाला आहे.

त्यामुळे पुढच्या वेळी व्हॉट्सॲपवर कुणी बॅटरी संपली, आता हायड्रोजन, असं छातीठोक सांगितलं, तर त्याला एकच विचारायचं. टाकी कितीची, हे नंतर सांग. आधी सांग, आमच्या गावाच्या सगळ्यात जवळ ती कुठे भरून मिळते?